मचवा की होडी? : वसईच्या किनाऱ्यावरील एका जुन्या निवडीचा इतिहास

वसईचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. ह्या तीन घटना आपणांपैकी बहुतेकांस पाठ असतील. परंतु ज्या किनाऱ्यावर ही राज्ये आली आणि गेली, त्याच किनाऱ्यावर, किल्ल्याशेजारच्या पाचूबंदरला, खाडीकाठच्या नायगावला आणि उत्तरेस अर्नाळ्याला, आणखी एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. त्याची नोंद कोणत्याही तहनाम्यात सापडत नाही. तो प्रश्न असा : मासे धरावयाचे, तर नाव कोणती घ्यावी? मोठी की लहान?

हा प्रश्न केवळ कोळीवाड्यापुरता आहे असे मात्र समजू नये. सुटीच्या दिवशी हौसेने गळ टाकणारे लोक आज देशोदेशी असाच वाद घालताना दिसतात. ॲल्युमिनियमची छोटी बोट घ्यावी, की एकट्याने वल्हवावयाची कयाक? ह्यांपैकी पहिली म्हणजे महायुद्धाचे अपत्य होय. अमेरिकेतील ग्रमन ही लढाऊ विमाने बांधणारी कंपनी. युद्ध संपत आले तेव्हा, १९४५ च्या सुमारास, तिने विमानांच्याच पत्र्यापासून हलक्या नावा बनवावयास आरंभ केला. कयाक मात्र फार जुनी. उत्तर ध्रुवाजवळील इन्यूट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बांधीत. त्या लोकांजवळ उमियाक नावाची दुसरी एक मोठी, उघडी नावही असे. कयाकमध्ये एकटा शिकारी बसे. उमियाकमधून बायकामुले आणि बिऱ्हाड जाई, आणि काही ठिकाणी तीच देवमाशाच्या शिकारीस नेत. एकीचे काम दुसरीला करता येत नसे, म्हणून दोन्ही टिकल्या. वसईच्या मचव्याची आणि होडीची गोष्ट हिच्याहून फारशी वेगळी नाही.

ती समजावी म्हणून आधी येथील पाणी समजून घेतले पाहिजे. वसईच्या दक्षिणेस उल्हास नदी समुद्राला मिळते, ती वसईची खाडी. उत्तरेस वैतरणेचे मुख. आणि पश्चिमेस मोकळा अरबी समुद्र. ह्या भागात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी ह्यांतील अंतर चार मीटरांच्याही वर जाते, भांगाच्या दिवसांत ते पुष्कळच कमी होते. किनारा उथळ, तळ बहुतेक चिखलाचा. जेथे सकाळी गळाभर पाणी असते तेथे दुपारी पाय रुततो. म्हणजे एकाच गावाच्या दारात दोन निरनिराळी पाणी आहेत. एक बाहेरचे, ओढीचे आणि लाटांचे; दुसरे आतले, तिवरांच्या रांगांतून वळणे घेत जाणारे, घटकेत भरणारे आणि घटकेत रिते होणारे.

बाहेरच्या पाण्यात सत्ता चालते ती डोल जाळ्याची. डोल म्हणजे लांबलचक, निमुळत्या पिशवीसारखे जाळे. समुद्रतळात ठोकलेल्या खुंटांना ते बांधावयाचे, तोंड प्रवाहाकडे करावयाचे आणि वाट पाहावयाची. मासळीचा पाठलाग करावा लागत नाही. भरती-ओहोटीचा ओघच तिला जाळ्यात आणून सोडतो. बोंबील, जवळा, मांदेली, वाकटी ही सारी डोलीची मासळी. उधाणाला ओघ जोराचा, म्हणून मासळी पुष्कळ. भांगाला ओघ मंद, म्हणून जाळी बहुधा घरी. ओघ फिरण्याच्या वेळी, पाणी क्षणभर थबकते तेव्हा, ते ओले, जड जाळे हाताने वर ओढून घ्यावे लागते. ह्या कामाला काय हवे? पाचसहा माणसांना पाय रोवून उभे राहता येईल अशी रुंदी हवी. एका बाजूस भार आला तरी न कलंडण्याइतके वजन हवे. आणि वारा पडेल तसा किनारा गाठून देणारे शीड हवे. ह्या तिन्ही गरजांतून मचवा घडला. पुढे झेपावणारी नाळ, रुंद पोट, खाली खोल कणा आणि पुढे कललेली डोलकाठी, हे त्याचे रूप शोभेसाठी आलेले नसून त्या जाळ्याने आणि त्या ओघाने दिलेले आहे.

आतल्या पाण्यात हाच मचवा पांगळा होतो. ओहोटीला तो चिखलात बसला की सहा तास बसला. तेथे होडी हवी. लहान, उथळ, एका किंवा दोघा माणसांनी वल्ह्याने चालवावयाची, आणि पाणी सरले तर दोघांनी ढकलून पुढच्या डबऱ्यात नेण्याजोगी. हिच्यातून पाग फेकावयाचा, गळ सोडावयाचा, बोय आणि जिताडा धरावयाचा, तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्या शोधावयाच्या, खडकावरची कालवे गोळा करावयाची. दक्षिण कोकणात अशी होडी पुष्कळदा अखंड खोडातून कोरलेली असते आणि तिला तोल राहावा म्हणून बाजूस उलांडी बांधतात. आपल्याकडे बहुधा फळ्यांचीच बांधणी दिसते. रूप काहीही असो, धर्म एकच : थोड्या पाण्यात थोड्या माणसांनी थोडे, पण रोजचे, मिळवावयाचे.

येथवर प्रश्न केवळ सोयीचा दिसतो. पण नावेबरोबर माणूस आणखी एक गोष्ट निवडीत असतो. ती म्हणजे आपले इतरांशी असलेले नाते. मचव्याला लाकूड लागते. वसई आणि आगाशी ही जुन्या काळी जहाजबांधणीची नावाजलेली ठाणी होती, आणि पोर्तुगीज अमलात वसईस मोठी जहाजे बांधली जात, ह्यामागे आसपासच्या जंगलातील सागाचा मोठा वाटा होता. साग दुर्मिळ आणि महाग होत गेला तसा मचवा सामान्य कोळ्याच्या हातून निसटू लागला. तो बांधावयाचा तर कर्ज. कर्ज काढावयाचे तर मासळी त्याच व्यापाऱ्याला द्यावयाची. मचव्यावर नावेचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा आणि मग खलाशाचा वाटा. होडीवर मालक तोच, तांडेल तोच आणि खलाशीही तोच. मिळकत लहान, पण तिच्यात वाटेकरी नाही. मुलगा वल्हे धरावयास शिकतो तो होडीत. म्हातारा झालेला तांडेल समुद्र सोडून परततो तोही होडीतच. तात्पर्य, होडी ही मचव्याची गरीब बहीण नव्हे. ती कुटुंबाची पाठराखण आहे.

विसाव्या शतकात ह्या जुन्या जोडीत तिसरा भिडू आला. तो म्हणजे यंत्र. मुंबई सरकारने १९२१-२२ साली ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेवर चालणारा ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात चालवून पाहिला. मासळी मिळाली, परंतु हिशेब तोट्याचा ठरला. जे मोठ्या जहाजाला साधले नाही ते स्वातंत्र्यानंतर लहानशा इंजिनाने साधले. पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून, म्हणजे १९५१ पासून, नावांना इंजिने बसविण्यास सरकारी साहाय्य मिळू लागले, आणि येथे एक विलक्षण गोष्ट दिसून आली. केरळात १९५३ साली नॉर्वेच्या मदतीने नीण्डकरा येथे मोठा प्रकल्प सुरू झाला. पण तेथील कोरीव वल्लमात इंजिन नीट बसेना, म्हणून निराळ्या घाटाच्या बोटी बांधाव्या लागल्या. मद्रासकडील कट्टुमरम म्हणजे तर एकत्र बांधलेले ओंडकेच. त्यात इंजिन ठेवणार कोठे? मुंबई आणि सौराष्ट्र ह्या किनाऱ्यांवरचा मचवा मात्र रुंद, खोल आणि कण्याचा असल्यामुळे त्याच्या पोटात यंत्र जवळजवळ जसेच्या तसे मावले. शेकडो वर्षे डोलीसाठी घडलेले शरीर इंजिनाच्याही उपयोगी पडले.

होडीला हे भाग्य लाभले नाही. तिच्यात जागा नाही, कणा नाही. पुढे बाहेरून टांगावयाची छोटी यंत्रे आणि काचतंतूंची, म्हणजे फायबरची, बांधणी आली तेव्हा तिलाही थोडे बळ मिळाले. ॲल्युमिनियमही आपल्याकडे आले, पण निराळ्या वाटेने. १९५७ साली स्थापन झालेल्या कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी नावांना कीड लागू नये म्हणून बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा मढविण्याचे प्रयोग केले. म्हणजे अमेरिकेत ज्या धातूने स्वतः नाव होऊन दाखविले, त्याने आपल्याकडे लाकडाचे चिलखत होणे पत्करले. परदेशातील वस्तू येथे येते तेव्हा येथील गरजेचे रूप घेऊनच टिकते, ह्याचे हे लहानसे उदाहरण.

आता कोणी म्हणेल, हा होडीचा कैवार शहरी माणसाला शोभतो. वल्ही मारून ज्याच्या हाताला घट्टे पडले त्याला विचारा! आक्षेप खरा आहे. इंजिनामुळे पडलेल्या वाऱ्यात रात्र काढणे संपले, वादळाच्या आधी बंदर गाठता येऊ लागले, बर्फात ठेवलेले पापलेट ताजे बाजारात पोहोचू लागले. हे सारे टाकून शिडाकडे परत जा, असे सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु इतिहासाने दुसरी बाजूही दाखविली आहे. यांत्रिक नावा वाढल्या, ट्रॉलर किनाऱ्याच्या जवळ येऊ लागले, लहान आणि मोठ्या नावांत तंटे झाले. आणि शेवटी महाराष्ट्राला १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा करून किनाऱ्यालगतच्या पाण्यात ट्रॉलिंगला मर्यादा घालावी लागली. २०२१ साली त्यात दुरुस्ती करून दंड आणखी कडक करावे लागले. पावसाळ्यातील मासेमारीबंदीही हेच सांगते. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याचा नेम धर्माने पाळला जाई. आता १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस तो कायद्याने पाळावा लागतो. ह्या बंदीतून वल्ह्याच्या आणि शिडाच्या पारंपरिक नावांना सूट आहे. कायद्याने जणू मान्य केले की समुद्राला थकवा येतो तो होडीमुळे नव्हे.

पण, श्रोतेहो, कायद्याने दिलेली सूट खाडीत पाणी असेल तरच उपयोगाची. खाडीच्या तळातून रेती उपसली जाते, शहराचे सांडपाणी तिच्यात येते, तिवरे तुटतात. तिवरांची तोड थांबविण्याकरिता २००५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक असावी. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली झाला. नगर वाढले आणि वाढणारच. मात्र मचवा दूरच्या पाण्यात जाऊ शकतो, होडी जाऊ शकत नाही. तिचे सारे जग दोनचार मैलांचे. ते बिघडले की तिला दुसरे पाणी नाही, आणि तिच्याबरोबर ज्याच्याजवळ कर्ज काढण्याइतकीही पत नाही असा माणूस संपतो.

म्हणून मचवा की होडी, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी एका शब्दात कधीच दिले नाही. त्यांनी पाणी पाहिले, जाळे पाहिले, घरातले हात मोजले, आणि मग नाव निवडली. हौसेने बोट वा कयाक विकत घेणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. तिघांना मोकळ्या पाण्यात जावयाचे असेल तर बोट. एकट्याला तिवरांत शिरावयाचे असेल तर कयाक. नगराचे नागरिक म्हणून आपले काम मात्र ह्याहून थोडे अधिक आहे. पुलाचा, बंदराचा, भरावाचा वा साहाय्याच्या योजनेचा कागद आपल्यासमोर येईल तेव्हा त्यात मोठ्या नावांचा आकडा हटकून असेल. होडीचा आकडा त्यात आहे की नाही, एवढे आपण विचारावे.