अमोनियाची खरी वाट
हान्स क्रेब्झ यांनी १९३५ मध्ये प्राण्यांच्या ऊतींत ग्लुटामेट व अमोनिया यांपासून ग्लुटामीन घडते, हे दाखवले. तरीही वनस्पती अमोनिया आत्मसात करतात ते मुख्यतः ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज या विकरामार्फत, ही समजूत दीर्घकाळ टिकली. अडचण एवढीच, की पेशीत अमोनिया अत्यल्प आणि या विकराची त्याच्याविषयीची ओढ क्षीण. १९७० मध्ये टेम्पेस्ट, मीर्स व ब्राउन यांना जीवाणूंत ग्लुटामेट सिंथेज आढळले. १९७४ मध्ये ली व मिफ्लिन यांनी ते वाटाण्याच्या हरितलवकांत दाखवले. कोडे उलगडले: ग्लुटामीन सिंथेटेज एटीपी खर्चून विरळ अमोनियाही पकडते, ग्लुटामेट सिंथेज त्या ग्लुटामीनपासून ग्लुटामेट घडवते. भारतीय शेतांतील युरियाचा नायट्रोजन भाताच्या दाण्यात प्रथिनरूपाने उतरतो, तो प्रामुख्याने याच जोडीमुळे.