मौनाचा अर्थ : पाँडिचेरी व गोमंतक येथील नागरिकत्वाचा विकल्प

वसाहतीचे हस्तांतर होते तेव्हा भूमीबरोबर माणसेही एका राज्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जातात. त्या माणसांची इच्छा कोणत्या रीतीने विचारली गेली, याचा निर्णय हस्तांतराच्या स्वरूपावर अवलंबून असतो. भारतातील फ्रेंच व पोर्तुगीज वसाहतींचा शेवट या दृष्टीने ताडून पाहण्याजोगा आहे.

पाँडिचेरी, कारिकल, माहे व यानम यांचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला. सार्वभौमत्वाच्या हस्तांतराचा तह २८ मे १९५६ रोजी झाला व १६ ऑगस्ट १९६२ रोजी तो अंमलात आला. मधल्या काळात तेथील फ्रेंच प्रजाजन भारतीय कारभाराखाली राहूनही कायद्याने फ्रेंचच होते. तहान्वये, या वसाहतींत जन्मलेले व तेथेच अधिवास असलेले फ्रेंच प्रजाजन भारतीय झाले. मात्र सहा महिन्यांच्या आत लेखी निवेदन करून पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखण्याची मुभा त्यांना होती.

गोमंतकाच्या बाबतीत असा तह नव्हता. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. भारत सरकारने १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाखाली २८ मार्च १९६२ रोजी आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जी व्यक्ती, अथवा जिच्या मातापित्यांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी, गोवा, दमण व दीव या प्रदेशात जन्मले असेल, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक झाल्याचे मानण्यात आले. पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखू इच्छिणाऱ्यास निवेदनासाठी मुदत मिळाली ती एक महिन्याची.

दोन्हीकडे मौन म्हणजे संमती, हेच तत्त्व होते. परंतु पाँडिचेरीतील मौनाचा अर्थ दोन राज्यांनी मिळून ठरविला होता. गोमंतकात तो एकाच राज्याने ठरविला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने. तोपर्यंतची तेरा वर्षे, भारताच्या कायद्याने जो भारतीय, तोच पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज होता.

ज्यांनी मौन सोडले त्यांचीही वाट सोपी नव्हती. एका गोमंतकीय पाद्रीने मुदतीत निवेदन करून पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखले. अर्थात् तो आपल्याच भूमीत परदेशी ठरला, आणि निवासपरवाना संपल्यावर देश न सोडल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. गोवा हा व्याप्त प्रदेश असून आपणांस जिनिव्हा करारांचे संरक्षण आहे, हे त्याचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली अमान्य केले. प्रदेश देशात विलीन झाल्यावर व्याप्ती उरत नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय होता.

पुढील दशकांत अनेक गोमंतकीयांनी आपले वा आपल्या पूर्वजांचे जन्म पोर्तुगालमध्ये नोंदविले. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व मिळविणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते, असे अधिनियमाचे ९ वे कलम सांगते. मग अशी नोंद म्हणजे नवे नागरिकत्व ‘मिळविणे’, की असलेले केवळ ‘नोंदविणे’? वरवर हा शब्दार्थाचा वाद दिसतो; तथापि मतदानाचा व वास्तव्याचा हक्क त्यावर अवलंबून राहिला. त्याचे मूळ १९६२ च्या त्या एका महिन्यात आहे. हस्तांतर एकपक्षी झाले म्हणजे सीमेचा प्रश्न मिटतो. माणसांचा मिटतोच असे नाही.