हेमलकशाच्या वाटेवरचं लोखंड

हेमलकशाला जाणारा माणूस वाटेत काय काय बघतो? वरोऱ्याला आनंदवन बघतो. सवड असेल तर ताडोबाची एक सफारी करतो. चंद्रपुरात महाकालीचं दर्शन घेतो आणि मग आलापल्लीच्या सागवानातून भामरागडच्या दिशेने निघतो. लोकबिरादरी प्रकल्प पाहिला, इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांचा संगम पाहिला की सहल पूर्ण झाली. या यादीत एकही खाण नसते, गिरणी नसते. वाटेत चिमण्या दिसतात, पण त्या काही 'बघायच्या' गोष्टी नव्हेत. तिथे गाडीची काच वर करायची असते.

इंग्लंडमधल्या शेफील्डचं याच्या अगदी उलट आहे. शेफील्ड म्हणजे पोलादाचं आणि चाकू-कात्र्यांचं शहर. तिथे बघायचं काय, तर भट्ट्या! केल्हम आयलंड नावाच्या भागात १९८२ साली एक संग्रहालय सुरू झालं. तिथे बेसेमर पद्धतीची प्रचंड भट्टी ठेवली आहे. वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून त्याचं पोलाद करणारी ही अंड्याच्या आकाराची भट्टी. आत १९०५ साली बांधलेलं, बारा हजार अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला ॲबीडेल इथे पाण्याच्या चाकांवर चालणारा, गवत कापायच्या विळ्यांची पाती घडवणारा जुना कारखाना जसाच्या तसा राखला आहे. पात्यांना धार लावणारे कामगार दगडाची धूळ छातीत जाऊन तरुणपणीच मरायचे. एंगल्सने १८४५ च्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय. त्या धारवाल्यांची बसायची जागाही ॲबीडेलला बघायला मिळते.

अर्थात हे सगळं 'प्रेक्षणीय' झालं ते केव्हा? भट्ट्या विझायला लागल्यावर. १९७० आणि ८० च्या दशकांत शेफील्डमधली हजारो माणसं बेकार झाली, त्याच काळात तिथे संग्रहालयं उभी राहिली. धंदा चालू असतो तोवर त्याच्याकडे कौतुकाने बघायला कोणालाच फुरसत नसते. आपल्याकडे तर धंदा चालू आहे, मग आपण कशाला थांबून बघायचं, असं कोणी म्हणेल. पण मला वाटतं, हेमलकसा समजून घ्यायचं असेल तर वाटेवरचा हा धंदा बघायलाच हवा.

सुरुवात वरोऱ्यापासूनच करू. आनंदवनामुळे या गावाचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं, पण त्याच्या कितीतरी आधी, १८७० च्या दशकात, वरोरा ओळखलं जायचं ते कोळशासाठी. सरकारने इथे खाण काढली आणि तो कोळसा न्यायला वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला. १९०६ साली ती खाण बंद झाली आणि कोळशाचं काम बल्लारपूरकडे सरकलं. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली ती या गावात. म्हणजे एका धंद्याने वापरून सोडून दिलेल्या गावात.

या वरोऱ्याच्या कोळशाचा जमशेटजी टाटांशीही संबंध आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू करणाऱ्या जमशेटजींच्या हाती १८८२ साली एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने तो लिहिला होता. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि कोळसा जवळच वरोऱ्याला आहे, असं त्यात होतं. भारतात पोलाद करायचं स्वप्न त्यांना पडलं ते इथून! त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाची जर्मनीत चाचणी करवून घेतली. तो कोळसा पोलादाच्या कामाचा नाही असं ठरलं. त्यात सरकारचे खाणींचे नियमही जाचक होते. स्वप्न वीस वर्षं लांबलं. पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी पुन्हा चांद्याची पाहणी करून नागपूरला गेले, तिथे अजब बंगल्यात एक भूगर्भाचा नकाशा त्यांच्या नजरेस पडला, आणि शोध दुर्गच्या डोंगरांकडे वळला. तिथून तो मयूरभंजला आणि शेवटी साकचीला पोचला. १९१२ साली तिथे पहिलं पोलाद निघालं. त्या साकचीचं आज जमशेदपूर झालंय आणि चांद्याचं नाव पहिल्या प्रकरणापुरतं उरलंय.

चांद्याला म्हणजे चंद्रपूरला मात्र कोळसा पुरून उरला. या कोळशाच्या थरांना भूगर्भशास्त्रात 'गोंडवाना' म्हणतात, आणि गाव गोंड राजांचं! सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह, राणी हिराईने बांधलेली बीरशहाची समाधी. कुठल्याही इंग्रजी शहराने मिरवावं असं हे वैभव झाडाझुडपांत बुडालं होतं. २०१७ पासून 'इको-प्रो'च्या तरुणांनी कुदळ-फावडी घेऊन बुरुज मोकळे केले, तेव्हा गावालाच आपला किल्ला नव्याने दिसला. चंद्रपूरच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके या गोंड वीराला फाशी दिली गेली, तीही जागा इथलीच. आणि या सगळ्यावर सावली २९२० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राची. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. शेफील्डच्या धारवाल्यांची धूळ आता संग्रहालयात आहे, आपली अजून हवेत आहे.

चंद्रपूरच्या पुढे बल्लारपूर. गोंड राजांची जुनी राजधानी, आणि १९४५ पासून कागदाचं गाव. चांद्याच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं या गिरणीत जात राहिला. आपल्या शाळेच्या वह्या कुठल्या जंगलातून आल्या, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं असेल? जंगलातल्या माणसाला मात्र तो बांबू स्वतः विकायचा हक्क मिळायला २०११ साल उजाडावं लागलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे तो मिळवणारं पहिलं गाव.

आता हेमलकसा. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झाला, तेव्हा तिथे वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, माडिया माणसाला डॉक्टर माहीत नव्हता. आपण हे ऐकतो आणि म्हणतो, 'किती मागासलेला भाग!' पण जरा वर्षं जुळवून बघा. त्याच्या शंभर वर्षं आधी या जिल्ह्यातून कोळसा निघायला लागला होता. कागदाची गिरणी सुरू होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. आलापल्लीचं सागवान तर देशभर नावाजलेलं. म्हणजे उद्योगाला हा मुलूख चांगलाच ठाऊक होता. लाकूड बाहेर न्यायची वाट सापडली होती, औषध आत न्यायची सापडली नव्हती. हेमलकशाचं काम किती मोठं आहे ते मला या हिशोबातून जास्त कळतं.

आणि टाटांना हुकलेलं लोखंड? ते आता निघतंय. हेमलकशाच्या शेजारच्या एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरावर. २००७ साली खाणपट्टा मंजूर झाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहनं जाळली. २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखानाही आला. अनेक तरुणांना काम मिळालं, ही गोष्ट खरीच आहे. याच सुरजागडावर माडियांचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत तिथे जत्रा भरते, ही गोष्टही तितकीच खरी.

शेफील्डने भट्टी जपली, इंजिन जपलं, धारवाल्याची बैठकही जपली. ती माणसाने केलेली वस्तू होती, म्हणून जपता आली. उद्या सुरजागडचं लोखंड संपेल, कारण खाण कुठलीही असो, कधीतरी संपतेच. मग कोणीतरी इथेही संग्रहालय काढेल. त्यात ट्रक ठेवता येईल, खोदयंत्र ठेवता येईल, कामगारांचे फोटो लावता येतील. डोंगर मात्र ठेवता येणार नाही. म्हणून जे बघायचं ते संग्रहालयाची वाट न पाहता आत्ताच बघावं. हेमलकशाला जाल तेव्हा गाडीची काच थोडी खाली ठेवा.