तिला कधी न विचारलेला प्रश्न



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा समितीला वाटलं असेल की ही सॉफ्टवेअरवाली कॉम्प्युटरवर काहीतरी लिहून देईल. मी मात्र इतिहासावर लिहितेय. मला इतिहासात जेमतेम पास करणाऱ्या आपल्या बाईंनी हसून घ्यावं.

सुरुवात आपल्या दहावीच्या निरोप समारंभापासून करते. समोसा खात प्रत्येकजण कोण होणार ते सांगत होती. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर असं सगळं झालं आणि आपल्यातली एक म्हणाली, "मी सिस्टर होणार." क्षणभर सगळ्या गप्प. मग कोणीतरी म्हणालं, "काऊन वं? हुंडा वाचवाले घरच्यायनं सांगतलं का?" सगळ्या खूप हसल्या. तीही थोडी हसली.

ते बोलणारी मी होते. तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्याच्या आजारपणात मी अकोल्याला होते. ती भेटायला आली आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. तिनं जे सांगितलं, त्यावरून मी वाचायला लागले. आपण दहा वर्षं सिस्टरांच्या हाताखाली शिकलो, पण त्या सिस्टर कशा झाल्या हे आपण एकदाही विचारलं नव्हतं.

घर सोडून धर्माच्या वाटेनं जाणारी बाई वऱ्हाडाला नवी नाही. आपल्या जिल्ह्यातलं रिद्धपूर आठवा. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथात स्त्रियांनाही संन्यासाची वाट मोकळी केली. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाणारी महदाइसा त्याच पंथातली. तिचे 'धवळे' रिद्धपूरचे, गोविंदप्रभूंच्या सहवासातले. 'लीळाचरित्रा'त ती सारखी प्रश्न विचारताना दिसते. मान डोलावणारी नव्हे, विचारून घेऊन मग चालणारी.

युरोपात तेव्हा मठ पुष्कळ होते, पण तिथं जाणारी प्रत्येक मुलगी स्वतःच्या मर्जीनं जात नव्हती. लग्नाचा हुंडा परवडला नाही की धाकट्या मुलीला मठात टाकणारी घराणी होती. म्हणजे निरोप समारंभातला माझा टोमणा अगदीच हवेतला नव्हता. फरक इतकाच, की मी तो चारशे वर्षं उशिरा आणि चुकीच्या मुलीला मारला.

कारण चर्चनं स्वतःच या दुखण्यावर नियम केला होता. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ठरवलं, की सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आणि किमान एक वर्षाच्या उमेदवारीशिवाय कोणाचीही व्रतं घेऊ नयेत. त्याआधी बिशपनं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं मुलीला विचारायचं: तुझ्यावर जबरदस्ती झाली आहे का? कोणी फूस लावली आहे का? आपण काय करतोय हे तुला कळतंय का? मुलीला बळजबरीनं मठात घालणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा होती. आणि जिला खरोखर जायचं आहे तिला योग्य कारणाशिवाय अडवणाऱ्यालाही तीच.

आपल्या जवळचा सर्वांत जुना मठ गोव्याचा. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरचा सांता मोनिका मठ १६०६ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनी स्थापन केला. सहलीला गेलात तर ती प्रचंड इमारत पाहा. पण तो बंद दारांचा मठ होता. आत जायला दोत, म्हणजे हुंडाच, न्यावा लागे आणि एकदा आत गेलेली बाई बाहेर येत नसे. तिथं गरीब शेतकऱ्याच्या मुलीला जागा मिळणं अवघडच.

एकोणिसाव्या शतकात हे बदललं. शाळा आणि दवाखाने चालवणारे, गावात मिसळणारे भगिनीसंघ युरोपात ठिकठिकाणी उभे राहिले. त्यातला एक आल्प्सच्या पायथ्याशी, सावॉयमधल्या शावानो गावचा. फादर मेर्मिए आणि क्लोदीन एशेर्निए यांनी १८३८च्या सुमारास तो सुरू केला. साध्या खेडवळ बायांचा हा संघ १८८६ साली हिंदुस्थानात आला. मेर्मिए यांचेच मिशनरी १८४६पासून विशाखापट्टणमला होते आणि तिथूनच ते काम नागपूरकडे पसरलं. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली झाला, अमरावतीचा ८ मे १९५५ रोजी. अशा बाहेर वावरणाऱ्या भगिनींना चर्चनं धर्मसंघी म्हणून रीतसर मान्यता दिली ती मात्र १९०० साली, पोप तेरावे लिओ यांच्या काळात. म्हणजे या बाया आधी कामाला लागल्या, कायदा मागून आला.

आता मैत्रिणीकडे वळते. ख्रिस्ती मराठीत या हाकेला 'पाचारण' म्हणतात. मला वाटायचं, एखाद्या रात्री आवाज येत असेल आणि मुलगी बॅग भरत असेल. ती हसली. म्हणाली, "आवाज काही आला नाही. एक विचार आला आणि तो जाईच ना."

मग सुरू होते ती पारख. आधी संघात राहून पाहायचं. मग नॉव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचं किमान एक पूर्ण वर्ष. सतरा वर्षांच्या आत त्यात घेतच नाहीत. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं, पण तात्पुरती. ती किमान तीन वर्षं, फार तर नऊ वर्षांपर्यंत. आयुष्यभराची व्रतं त्याच्याही नंतर आणि एकविसाच्या आत नाहीतच. उमेदवारीत केव्हाही घरी जाता येतं आणि तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की तेव्हाही. आमच्या कंपनीत सहा महिन्यांचं प्रोबेशन असतं आणि तेवढ्यात आम्ही घामाघूम होतो!

सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांची एक शिकवण तिनं सांगितली. मन खचलेलं असताना घेतलेला निर्णय बदलायचा नाही. उदासी ओसरू द्यायची, मग पाहायचं. ऑफिसमध्ये राजीनामा टाइप करून ठेवलेला असताना मला हे दोनदा कामी आलं आहे.

तिच्याबरोबर गेलेली एक मुलगी दोन वर्षांनी परत आली. गावात कुजबुज झाली, "टिकली नाही." मैत्रीण म्हणाली, "असं नसते वं. तिनंही पारखलं, मीही पारखलं. तिला उत्तर घराकडचं मिळालं." आणि स्वतःबद्दल म्हणाली, "मले दरवर्षी विचारत होते, घरी जायचं का? दरवर्षी मी खरंच विचार करत होते. एका वर्षी तर बॅगही भरली होती."

मी विचारलं, "मग?"

"मग दोन दिवस थांबली. आणि बॅग रिकामी केली."

आपण अकरावीत शाखा निवडली ती टक्के पाहून. लग्न ठरवलं दोन भेटींत. मला तर इंजिनिअरिंग हवं का, हे कोणी विचारलंच नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. आपल्या सगळ्यांत सर्वांत जास्त वेळा जिला विचारलं गेलं आणि जिनं सर्वांत जास्त वेळ घेऊन ठरवलं, तिलाच मी "घरच्यायनं पाठवलं का?" म्हटलं होतं.

अकोल्याला मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तेव्हाच विचारलं असतं ना, कसं ठरवलं म्हणून, तर मले बोलाले कोणीतरी मिळालं असतं. घरी तर आई महिनाभर रडत होती." हे ऐकून मला टोमण्यापेक्षाही जास्त लागलं.

या संमेलनाला ती येणार आहे. पांढऱ्या साडीकडे पाहून दुरून नमस्कार करून सरकू नका, जवळ बसा. मी तिला विचारून ठेवलंय, की सिस्टर म्हणायचं का नाव घ्यायचं. ती म्हणाली, "नावानंच हाक मार वं. शाळेत तरी."