चुडावा

चुडावा : परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे छोटे गाव. पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की चुडावा, त्यानंतर लिंबगाव आणि मग नांदेड. स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. महसुली मंडळ आणि पोलीस ठाणे या दोन्हींशी गावाचे नाव जोडलेले असल्याने आजूबाजूच्या खेड्यांतले लोक सरकारी कामासाठी इकडे येतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून मंडळनिहाय पावसाचे आकडे येतात, त्यात ताडकळस, लिमला, कात्नेश्वर यांच्या ओळीत चुडावा दिसते. तालुका विधानसभेच्या गंगाखेड मतदारसंघात मोडतो.

भोवतालची जमीन गोदावरी खोऱ्यातली काळी, भारी. पूर्णा शहराच्या खालच्या अंगाला पूर्णा नदी गोदावरीला मिळते. कापूस, ज्वारी आणि तूर ही या भागाची जुनी पिके. गेल्या काही दशकांत सोयाबीनने त्यांच्या वाट्याचे बरेच रान घेतले. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचा पूर्णा प्रकल्प 1960 च्या दशकात उभा राहिला. त्याच्या कालव्यांनी वसमत–पूर्णा पट्ट्यातील काही शिवारे ओलिताखाली आली आणि तिथे ऊस, हळद, केळी दिसू लागली.

रेल्वे आली ती निजामी राजवटीत. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे या नावाने सिकंदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग टप्प्याटप्प्याने बांधला गेला आणि 1901 पर्यंत पूर्ण झाला. बांधकामाची ही वर्षे मराठवाड्याच्या इतिहासातली अत्यंत वाईट वर्षे होती. 1899–1900 च्या दुष्काळाने परभणी जिल्हा अक्षरशः पोखरला. तेव्हाच्या सीमांनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 1891 मध्ये आठ लाखांच्या वर होती. 1901 च्या शिरगणतीत ती साडेसहा लाखांच्या आत आली. दर पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस कमी झाला, काही मेले, काही देशोधडीला लागले. या पट्ट्यातल्या कोणत्याही स्थानकगावाचा इतिहास लिहिताना रुळांची तारीख आणि ही घट एकत्रच मांडली पाहिजे. रेल्वे आली म्हणून भरभराट झाली, असे सरधोपट लिहिणे त्या पिढीवर अन्याय करणारे आहे.

मार्ग चालवणाऱ्या कंपनीचा कारभार 1930 मध्ये निजाम सरकारने स्वतःकडे घेतला. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि 1951 मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली. 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर मार्ग तिच्याकडे आला. नांदेड विभाग वेगळा झाला तो 2003 मध्ये.

एकेरी मार्गाच्या काळात चुडाव्यासारख्या स्थानकाचे खरे काम गाड्यांचे क्रॉसिंग करून देण्याचे असे. समोरून येणारी गाडी पुढच्या स्थानकातून सुटली असेल, तर इकडची गाडी बाजूच्या रुळावर उभी. मधला मार्ग मोकळा असल्याचा पुरावा म्हणजे टोकन. ते मोठ्या कडीला लावलेल्या चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. न थांबणारी गाडी असेल तर फलाटावरचा माणूस ती कडी उंच धरून उभा राही. इंजिनातला माणूस कोपरापर्यंत हात घालून ती उचले आणि मागच्या स्थानकाची कडी खाली टाकी. ही देवघेव चुकली तर गाडी थांबवावी लागे. टोकनाशिवाय पुढच्या टप्प्यात शिरण्याची परवानगीच नव्हती. मोठमोठ्या गाड्यांची सुरक्षितता अशा लहान स्थानकांवरच्या दोन-चार माणसांच्या जागेपणावर अवलंबून होती, आणि त्या माणसांची नावे इतिहासात क्वचितच आली.

1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीचा फाटा निघाला आणि 1961 मध्ये तो अकोलामार्गे खंडव्याला जोडला गेला. त्यामुळे राजस्थान–माळव्याकडून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज वाहतूक पूर्णा–नांदेड या तुकड्यावरून, म्हणजे चुडाव्यावरूनच जाऊ लागली. जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस ही त्यातली लोकांच्या आठवणीत राहिलेली गाडी.

तरीही वाढले ते पूर्णा. जंक्शन तिथे, इंजिनांचे शेड तिथे, रेल्वे कामगारांच्या वसाहती तिथे. चुडाव्याला फाटा मिळाला नाही आणि एका बाजूला नांदेडची मोठी बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला पूर्णा असल्याने माल साठवण्याचे ठाणेही ते झाले नाही. एका मार्गावरच्या शेजारच्या दोन स्थानकांचे नशीब इतके वेगळे व्हावे, याचे कारण रुळांपेक्षा शेड आणि बाजार यांत शोधावे लागते. पुढे 1990 च्या दशकात मनमाड–मुदखेड मार्ग ब्रॉडगेज झाला, मीटरगेजचे शेड गेले आणि पूर्णेलाही त्याचा मोठा फटका बसला. चुडाव्याकडे गमावण्यासारखे तेवढे काही नव्हते. त्याला स्थानकाचा झालेला उपयोग साधा पण टिकाऊ आहे: गावात राहून नांदेडला शिकायला, दवाखान्यात किंवा कामाला जाऊन संध्याकाळी परत येता येते. गाव न सोडण्याची ही सोय लोकसंख्येच्या दृष्टीने मोलाची आहे.

म्हणूनच 2020 मध्ये टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या बंद झाल्या, आणि नंतर देशभर त्या एक्सप्रेसच्या भाड्याने सुरू झाल्या, तेव्हा लहान स्थानकांच्या प्रवाशांना त्याची झळ जास्त लागली. जिथे 10 रुपयांत जाता येई तिथे 30 मोजावे लागले. जुने भाडे 2024 मध्ये परत आले. परभणी–मुदखेड या सुमारे 81 किलोमीटरच्या टप्प्याचे दुहेरीकरण 2020 च्या सुमारास पुरे झाले आणि क्रॉसिंगसाठी तिष्ठत राहणे संपले. ऑगस्ट 2025 पासून नांदेड–मुंबई वंदे भारतही याच रुळांवरून धावते. वेग वाढला, पण गावकऱ्यांचा संबंध आजही पॅसेंजरशीच आहे, आणि तिच्या वेळा सांभाळल्या जाणे हेच अशा गावांच्या दृष्टीने महत्त्वाचे.

लोकसंख्या : परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 15,27,715 होती, ती 2011 मध्ये 18,36,086 झाली, दशकातली वाढ सुमारे 20 टक्के. दर हजार पुरुषांमागे 947 स्त्रिया. गावागावाची घरे, माणसे, साक्षरता आणि शाळा, पाणी, बस, रेल्वे या सोयी जिल्हा जनगणना हस्तपुस्तिकेत नोंदल्या जातात. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2011 ची प्रगणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली, आणि तो ऊसतोडीचा ऐन हंगाम. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांवर गेलेली जिल्ह्यातली कुटुंबे तेव्हा फडावर असतात, आणि मोजणीचा सगळा काळ बाहेर असलेल्या माणसाची नोंद तो सापडेल तिथे होते. त्यामुळे मराठवाड्यातल्या खेड्याचा जनगणनेतला आकडा पोळ्याला गावात असणाऱ्या माणसांपेक्षा कमी भरू शकतो. 2021 ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 ठरला आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. तीत जातींचीही नोंद होणार आहे.