तुंबा आणि निजामाची सीमा

तुळशीला मराठी साहित्याने वृंदावन दिले, गळ्यातली माळ दिली, पंढरीच्या वाटेवर डोक्यावर घेतले. तिच्याच कुळातील तुंब्याच्या वाट्याला मात्र बांध आणि पडीक रान आले. चौकोनी दांडा, पेऱ्यापेऱ्याला हिरवे गेंद आणि त्यांतून डोकावणारी पांढरी, दुओठी फुले. संस्कृताने या फुलात द्रोण पाहिला आणि 'द्रोणपुष्पी' म्हटले. रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये या प्रजातीला 'ल्युकस' हे नाव दिले; त्याच्या मुळाशी 'पांढरा' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. एकाने आकार पाहिला, दुसऱ्याने रंग.

परंतु नांदेड-लातूरच्या तुंब्याची नोंद कोणी केली, हे शोधू लागलो की आपण वनस्पतिशास्त्रातून थेट राजकीय इतिहासात येतो. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ पासून प्रसिद्ध होऊ लागला. गॅम्बल यांचा मद्रास इलाख्याचा ग्रंथ १९१५ पासून. मराठवाडा या दोहोंच्या मधोमध, निजामाच्या राज्यात होता. रोपाला सीमा कळत नव्हती. ग्रंथाला कळत होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान संपले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तरीही या भूमीच्या वनस्पतींना स्वतःच्या ग्रंथासाठी थांबावे लागले. वि. ना. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्यावरील ग्रंथ १९७९ मध्ये आला आणि संपूर्ण मराठवाड्यावरील ग्रंथ १९९८ मध्ये. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. म्हणून लातूरची झाडे त्या पहिल्या ग्रंथात उस्मानाबादच्या नावाखाली शोधावी लागतात. त्या उस्मानाबादचेही आता धाराशिव झाले आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या गोष्टीकडे लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. मराठवाड्याच्या वाङ्मयाविषयीही 'तिथे फारसे काही नव्हते' असे सहज म्हटले जाते. नोंद नसणे म्हणजे वस्तू नसणे नव्हे. कित्येकदा नोंदवहीच सीमेपाशी संपलेली असते. तेव्हा कोणतीही सूची उघडताना आधी तिचा नकाशा पाहावा, आणि मग बांधावर जाऊन तिथल्या म्हातारीला विचारावे : आजी, याला तुमच्याकडे काय म्हणतात?