घाटासाठी सायकल घेताय? आधी चक्रीचे दाते मोजा

सातारा : पाचगणी, कास, ठोसेघरच्या रस्त्याला सायकलवाले दिसले की ते पुण्या-मुंबईचेच असणार, असं आता राहिलेलं नाही. वाई, जावळी, कोरेगावकडची पोरंही जुनी रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची आणि वाकड्या हँडलची सायकल घेऊन दोनशे-तीनशे किलोमीटरला निघतात. सायकल घेताना फ्रेम बघतात, रंग बघतात, एका हाताने उचलून वजन बघतात. चक्रीला दाते किती, हे मात्र कोणी मोजत नाही. मग पहिल्याच मोठ्या घाटात उतरून चालायची वेळ येते, आणि पुढचा आठवडा गुडघ्याला तेल चोळण्यात जातो. दोष पायांचा नसतो, बहुतेक वेळा गिअरचा असतो.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उसाने भरलेली ट्रॉली चढाला लागली की ट्रॅक्टर लो गिअरमध्ये टाकायचा असतो. वरच्या गिअरमध्ये रेटलं तर इंजिन गुदमरतं. सायकलला इंजिन म्हणजे आपण स्वतः, आणि गुदमरतो तो गुडघा.

रोड बाइकला पुढे साधारण दोन चक्र्या असतात आणि मागे आठ ते बारा चक्र्यांचा जुडगा, त्याला कॅसेट म्हणतात. पुढची चक्री जितकी लहान आणि मागची जितकी मोठी, तितका गिअर हलका. चढासाठी पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी एवढी एकच जोडी बघायची. पुढचे दाते भागिले मागचे दाते केले की पायडलच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरतं ते कळतं. रोड बाइकचं चाक एका फेरीत सुमारे २.१ मीटर जातं.

आता जुन्या रेसच्या सायकली बघा. त्यांना पुढे ५३ आणि ३९ दात्यांच्या चक्र्या, मागे मोठी चक्री २५ ची. ३९ भागिले २५ म्हणजे १.५६. पायडलच्या एका फेरीत सायकल ३.२८ मीटर जाणार. उभ्या चढाला साधा माणूस ताशी ९ किलोमीटरच्या आसपास जातो. तेवढ्या वेगाला या गिअरवर मिनिटाला पायडलच्या जेमतेम ४६ फेऱ्या होतात. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर ५९ होतात. पुढे ३४, मागेही ३४ असेल तर ७१. वेग तोच, चढ तोच. पण ७१ फेऱ्यांच्या जागी ४६ फेऱ्यांत तेच काम करायचं म्हणजे प्रत्येक फेरीला दीडपट जोर. दहा मिनिटं चालून जातं. तासाभराने मांड्या भरून येतात आणि गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागतं. चढाला मिनिटाला ७० च्या आसपास फेऱ्या ठेवता आल्या तर बरं. ५५ च्या खाली सारखं जावं लागत असेल तर गिअर जड आहे असं समजावं.

चढ किती, हे कसं मोजायचं?

वाई सुमारे ७२० मीटर उंचीवर, पाचगणी सुमारे १२९० वर. मधलं अंतर साडेबारा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पसरणी घाटाचा सरासरी चढ साडेचार टक्के, शंभर मीटर गेलं की साडेचार मीटर वर. दिसायला घाट मोठा, पण चढ एकसारखा आहे, ३४ आणि २८ च्या जोडीवर तो निघतो. खरी परीक्षा बघायची तर गडाच्या पायथ्याच्या आणि वाडी-वस्तीवर जाणाऱ्या डांबरी रस्त्यांवर. ते लांबीला कमी, पण आठ-दहा टक्क्यांच्या वर सहज जातात, आणि वळणाच्या आतल्या बाजूला त्याहून जास्त.

मोबाइलच्या नकाशात पायथ्याची आणि माथ्याची उंची बघून वजाबाकी केली तर फक्त सरासरी कळते. मधला अंगावर येणारा टप्पा त्यात लपून जातो. त्यापेक्षा गवंड्याची पाणसळ आणि एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. पट्टी चढाच्या दिशेने रस्त्यावर ठेवायची, वर पाणसळ ठेवायची, आणि पट्टीचं खालचं टोक बुडबुडा मधे येईपर्यंत उचलायचं. टोक जमिनीपासून ८ सेंटीमीटर वर आलं तर चढ ८ टक्के. दोन-चार ठिकाणी मोजलं की अंदाज पक्का होतो. गाड्या बघून, रस्त्याच्या कडेलाच हे काम करावं.

सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले तर ८ टक्के चढाला ताशी ९ किलोमीटरने जायला सुमारे १८० वॉट ताकद लागते. ताशी १४ ला २८० च्या घरात. १८० वॉट तासभर काढणं सराव केलेल्या गड्याला जमतं. २८० फार थोड्यांना. ३९-२५ च्या गिअरवर ७० फेऱ्या ठेवायच्या तर वेग ताशी १४ च्या जवळ ठेवावाच लागतो. म्हणजे हळू जायची सोयच त्या सायकलला नाही.

पाय सकाळचे नाहीत, संध्याकाळचे धरा

लांबच्या राइडमध्ये खरी चूक इथे होते. नवी सायकल घेऊन सकाळी ताज्या पायांनी घाट चढून बघतात आणि म्हणतात, जमतंय की. पण ब्रेवे नावाच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास असतात. जेवण, पंक्चर, झोप सगळं त्यातच. दीडशे किलोमीटर झाल्यावर पुढे घाट आला तर सकाळचे पाय उरलेले नसतात. त्यात दोन बाटल्या पाणी, दिवे, रेनकोट, खाऊ मिळून चार-पाच किलो वजन वाढलेलं असतं.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला यायचं तर सुमारे ४० किलोमीटर रस्ता, आणि तळकोकणातून थेट साडेतेराशे मीटर उंचीवर चढायचं. ताशी ९ ने धरलं तर साडेचार तास. मिनिटाला ७० फेऱ्यांनी एकोणीस हजार वेळा पायडल फिरणार. एवढ्या वेळा दीडपट जोर लावायचा की हलक्या गिअरवर बसून जायचं, हे सायकल घेतानाच ठरतं.

ढोबळ हिशोब असा. पाच टक्क्यांपर्यंतच्या घाटाला पुढे ३४, मागे २८ पुरे. सात-आठ टक्के असेल, राइड २०० किलोमीटरची असेल, तर मागे ३२ किंवा ३४ लागतात. दहाच्या वरचे टप्पे असतील, किंवा स्वाराचंच वजन ८५ च्या पुढे असेल, तर पुढे ३० दात्यांची चक्री बघावी. ४६-३० ची जोडी ग्रॅव्हल सायकलींना येते, ५०-३९-३० अशा तीन चक्र्यांचे सेटही मिळतात. ३० आणि ३४ च्या जोडीवर ७० फेऱ्यांनी सायकल ताशी पावणेआठ किलोमीटरने जाते. चालण्यापेक्षा ते बरंच.

पुढची चक्री लहान झाली की उतारावर वेग मिळत नाही, असं काहीजण म्हणतात. ४६ आणि ११ वर ८० फेऱ्यांनी ताशी ४२ किलोमीटर होतात. आपल्या घाटांच्या उतारावर पायडल कोण मारतं, ब्रेकवरून बोट काढायची सोय नसते.

हलका गिअर म्हणजे कमीपणा, ही समजूतही जुनी आहे. तूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत गिअर बदलण्याची यंत्रणा लावायला परवानगी नव्हती. स्वार घाटाच्या पायथ्याला उतरून मागचं चाक उलटं बसवायचे, दुसऱ्या बाजूला मोठी चक्री असायची म्हणून. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, त्या स्वारांचे गिअर जड असतात हे खरं. पण त्यांची तयारी वेगळी आणि त्यांना रात्रभर सायकल चालवायची नसते.

जुन्या सायकलवर काय बसतं, काय नाही

सगळ्यात स्वस्त बदल मागच्या कॅसेटचा. पण मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन इकडून तिकडे नेणाऱ्या यंत्राला, मर्यादा असते. लहान पिंजऱ्याचं डिरेलर मोठी चक्री घेत नाही. शिमानोच्या ११ गिअरच्या १०५ आर७००० मध्ये लहान पिंजरा ३० पर्यंत, मोठा ३४ पर्यंत चालतो. दुसरा हिशोब चेनच्या ढिलाईचा. पुढच्या दोन चक्र्यांतला फरक आणि मागच्या सगळ्यात मोठ्या-लहान चक्रीतला फरक यांची बेरीज करायची. ५०-३४ आणि ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. तेवढी क्षमता डिरेलरची हवी.

आठ आणि नऊ गिअरच्या शिमानो सायकलवाल्यांना एक सोय आहे. त्याच गिअरसंख्येचं डोंगरी सायकलचं डिरेलर रोडच्या शिफ्टरवर चालतं, आणि ते ३४ सहज घेतं. दहा आणि पुढच्या गिअरना हे गृहीत धरू नये. काही आठ गिअरच्या कॅसेटमध्ये २६ नंतर थेट ३४ येते, तिथे पायाला धक्का जाणवतो. चढाला तो चालतो.

पुढे ५३-३९ असेल तर जास्त विचार करावा. त्या क्रँकला बोल्टचं वर्तुळ बहुतेक १३० मिलिमीटरचं असतं, त्यावर ३८ पेक्षा लहान चक्री बसतच नाही. ३४ हवी तर अख्खा क्रँक बदलावा लागतो. म्हणून जुनी सायकल ठरवताना आधी पुढच्या लहान चक्रीवरचा कोरलेला आकडा वाचायचा. ३४ असेल तर पुढे बोलणी करावी. ३९ असेल आणि राहणं डोंगराच्या कडेला असेल, तर किमतीतून क्रँकचा खर्च वजा करूनच भाव सांगावा.

मोठी कॅसेट बसवली की चेनही लांब लागते, हे पुष्कळदा राहून जातं. जुनीच आखूड चेन ठेवली आणि चालताना पुढची मोठी, मागची मोठी अशी जोडी लागली, तर चेन ताणून डिरेलर मोडतं, कधी फ्रेमचा हँगरही वाकतो. मेकॅनिककडून सायकल घेण्याआधी ती स्टँडवर लावून हाताने सावकाश पायडल फिरवत याच जोडीवर चेन एकदा घालून बघायला सांगावं. डिरेलरचा पिंजरा पूर्ण ताठ होऊन चेन कडक झाली, तर दोन कड्या कमी पडल्या आहेत.